दाणापाणी आणि मावशींचा खोकला

मावशी दवाखान्यात शिरल्या की बाहेरच्या बाकावरचे लोक सरकून जागा देत. वयाचा मान म्हणून नव्हे, त्यांचा खोकलाच असा होता की शेजारी बसणाऱ्याला धास्ती वाटावी. कोरडा, आतून ओढून आणणारा. खोकून झाले की दोन मिनिटे बोलता येत नसे. ही दीड-दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. मावशींची आणि त्यांच्या मुलाची परवानगी घेऊन लिहितो आहे. ओळख पटू नये म्हणून एक-दोन बारीक गोष्टी बदलल्या आहेत, आजार मात्र जसाच्या तसा ठेवला आहे.

मावशींचे वय ६७. यजमानांचा जन्म भिवंडीत यंत्रमागावर गेला. ते वारल्यावर मुलाने अकलोलीतले जुने कौलारू घर उतरवून स्लॅबचे बांधले आणि आईला गावी आणले. जून महिन्यात त्या पहिल्यांदा माझ्याकडे आल्या. पावसाळा तोंडावर होता, गावात सर्दी-खोकल्याची साथ होती. मी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. गुण आला नाही. गोळ्या बदलल्या. दोन आठवड्यांच्या वर गेलेला खोकला म्हणजे आधी थुंकी तपासायची, हा आपल्याकडचा पहिला नियम. त्याप्रमाणे दोनदा तपासली, क्षयाचे जंतू नव्हते. मग दम्याच्या अंगाने विचार करून तोंडाने ओढायचा पंप सुरू केला. थोडे बरे, थोडे वाईट, असे चालले.

दिवाळीला त्या लेकीकडे नाशिकला गेल्या आणि तीन आठवडे राहिल्या. परत आल्या त्या हसतच. "डॉक्टर, तिकडची हवा मानवली बघा. खोकला निम्म्यावर आला." मीही हसून म्हणालो, "आमच्या नदीकाठच्या दमट हवेपेक्षा नाशिक बरेच." पुढच्या पंधरा दिवसांत खोकला पूर्वीच्या वर गेला.

वाचकहो, या ठिकाणी मी चुकलो. माणूस घर सोडतो तेव्हा आजार कमी होतो आणि घरी परतला की वाढतो, ही खूण वैद्यकाच्या पहिल्या पुस्तकात लिहिलेली असते. तिचा अर्थ हवापालट असा नसतो. आजाराचे कारण घरात आहे, असा तिचा अर्थ असतो. मी तीस वर्षे प्रॅक्टिस करतो आहे आणि ती खूण माझ्यासमोर खुर्चीत बसून हसत बोलत होती, तरी मला दिसली नाही.

जानेवारीत एका सकाळी मुलगा बोलवायला आला. आईला जिना चढवेना. मी घरी गेलो. कोविडच्या काळात घरोघरी आलेले, बोटाला लावायचे ऑक्सिजन मोजण्याचे यंत्र लावले. बसल्या जागी ९२ आणि खोलीत चार फेऱ्या मारायला लावल्यावर ८७. पाठीवर नळी ठेवली तर दोन्ही बाजूंना तळाशी बारीक चरचर ऐकू येत होती, चिकटपट्टी हळूहळू उचकटावी तशी. दम्यात शिट्टीसारखा आवाज येतो, हा तो नव्हता. हात धुवायला मागच्या गॅलरीत गेलो आणि दार उघडताच फडफड करत पंधरा-वीस कबुतरे उडाली. फरशीवर बाजरी, तिच्यावर विष्ठेचा थर, कठड्यावर थर, वाळत घातलेल्या गोधडीवरही पांढरे-हिरवे डाग. कोपऱ्यात मातीचे पसरट भांडे होते, त्यात शेवाळलेले पाणी. सकाळच्या उन्हाची तिरीप आत येत होती आणि तिच्यात पिसांची भुकटी तरंगताना नुसत्या डोळ्यांना दिसत होती. त्या गॅलरीचे दार मावशींच्या खोलीत उघडत होते.

"रोज दोन ओंजळी बाजरी घालते," मावशी म्हणाल्या. "आणि दुपारी झाडून काढते. घाण ठेवत नाही हो मी."

त्या खरेच बोलत होत्या, आणि ते दुपारचे कोरडे झाडणेच सर्वांत वाईट होते.

मुंबईला तपासण्या करण्याऐवजी आम्ही ठाण्याला छातीच्या तज्ज्ञांकडे पाठवले. तिथे फुफ्फुसांचे बारीक चित्र घेणारा सी.टी. स्कॅन झाला, रक्त तपासले आणि निदान आले: हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. सोप्या भाषेत सांगायचे तर फुफ्फुसांचा अतिसंवेदनशील दाह. पक्ष्यांच्या विष्ठेत आणि पिसांवरच्या पांढऱ्या भुकटीत प्रथिने असतात. ती वाळून इतकी बारीक होतात की नाकातील केस, घशाचा ओलावा अशा सगळ्या चाळण्या ओलांडून थेट शेवटच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. बहुतेकांना त्याने काही होत नाही. काहींचे शरीर मात्र त्या प्रथिनांना शत्रू समजते आणि लढाई सुरू करते. लढाईचे मैदान असते आपलेच फुफ्फुस. काही जणांना धूळ छातीत गेल्यावर चार ते आठ तासांनी ताप, अंगदुखी, खोकला येतो आणि दुसऱ्या दिवशी उतरतो. मावशींसारख्या रोज थोडी थोडी धूळ ओढणाऱ्यांना ताप येत नाही, पण दाह आतल्या आत धुमसत राहतो. शेवटी तिथे जखमेच्या वणासारखे कठीण ऊतक तयार होते. ते पुन्हा मऊ होत नाही.

हा जंतूंचा आजार नाही, एकाचा दुसऱ्याला लागत नाही. म्हणूनच एका घरात पाच माणसे असली तरी एकालाच होतो आणि बाकीचे म्हणतात, "आम्हाला कुठे काय होते?"

आजार काही नवा नाही. १९६५ साली अमेरिकेत कबुतरे पाळणाऱ्यांमध्ये त्याचे वर्णन झाले. आपल्या शेतकऱ्यांना ओळखीचे वाटेल असे त्याचे भावंडही आहे. भिजून बुरशी धरलेला पेंढा किंवा गवत हलवताना जी धूळ उडते, तिनेही हाच दाह होतो. फुफ्फुसांच्या अशा दीर्घ दाहाच्या आजारांची आपल्या देशात एक नोंदवही ठेवली गेली आणि २०१७ मध्ये ती प्रसिद्ध झाली. त्यातील १,०८४ रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे याच एका आजाराचे होते. त्यांच्या कारणांत पक्षी होतेच, पण त्याहून पुढे होता आपला उन्हाळ्याचा कूलर, म्हणजे त्याच्या ओल्या, बुरसटलेल्या जाळ्या. असो, कूलरवर मी वेगळा लेख लिहीन.

२०२५ च्या पावसाळ्यात दादरचा कबुतरखाना वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर होता, तो वाचकांना आठवत असेल. जुलैमध्ये राज्य शासनाने मुंबईतील ५१ कबुतरखाने बंद करण्याचे निर्देश दिले. ऑगस्टच्या सुरुवातीला महानगरपालिकेने दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री घातली आणि काही दिवसांत आंदोलकांनी ती फाडली. उच्च न्यायालयाने लोकांच्या आरोग्याचा मुद्दा महत्त्वाचा मानला आणि सर्वोच्च न्यायालयानेही त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. दोन्ही बाजूंनी पुष्कळ आरडाओरडा झाला. मला त्या वादात पडायचे नाही. त्या गर्दीत काहींच्या मनात भूतदया होती आणि काहींच्या घरी ऑक्सिजनचे यंत्र होते, एवढे मी डॉक्टर म्हणून सांगू शकतो. आपल्याकडे खेड्यात कबुतरखाना नाही म्हणून आपण निश्चिंत असतो. पण कौले उतरली, स्लॅब पडले, सज्जे आणि गॅलऱ्या आल्या. वाशांच्या फटीत घरटे करणारी चिमणी गेली आणि सज्जावर बसणारे कबुतर आले. अकलोलीतच माझ्या डोळ्यांदेखत हा बदल झाला.

आता मूळ अडचण. "दाणे घालणे बंद करा," हे सांगायला मला एक मिनिट लागले असते. मावशींनी मात्र मला थांबवले. यजमान भिवंडीत असताना चाळीच्या खिडकीत चिमण्यांना तांदळाची कणी घालत. ते गेले, दहाव्याला पिंड ठेवले आणि कावळा शिवेना. ऊन चढले. पोराचे लग्न करू, बहिणीला अंतर देणार नाही, सगळे बोलून झाले. शेवटी मावशी हात जोडून म्हणाल्या, "तुमच्या पाखरांचा दाणा बंद पडू देणार नाही." आणि कावळा उतरला.

आता यावर विज्ञान काय म्हणते ते मला ठाऊक आहे, आणि ते त्या गॅलरीत उभे राहून बोलण्यात अर्थ नव्हता हेही ठाऊक आहे. गेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडायला सांगणारे औषध कोणी घेत नाही. समोर हो म्हणतात आणि पहाटे उठून गुपचूप बाजरी टाकतात. म्हणून मुलाला, सुनेला आणि नातवाला समोर बसवून आम्ही वेगळी मांडणी केली.

पहिले काम गॅलरीचे. त्यासाठी मावशींना आठ दिवस पुन्हा लेकीकडे धाडले. मुलाने नाका-तोंडावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क लावला. साबणाचे पाणी फवारून सगळा थर भिजवला, अर्धा तास तसाच ठेवला, मग ओलाच खरवडून पिशवीत भरला. वाळलेली विष्ठा केरसुणीने झाडणे म्हणजे आजार पुडीतून काढून हवेत उधळणे. दमा असलेल्यांनी, गरोदर बायकांनी, लहान मुलांनी आणि म्हाताऱ्यांनी त्या वेळी आसपास असू नये. गोधड्या, पडदे, उशांचे अभ्रे धुतले, भिंती ओल्या फडक्याने पुसल्या, कारण पक्षी गेले तरी त्यांची धूळ घरात कित्येक महिने राहू शकते. मग जाळी बसवली. बसवण्यापूर्वी वळचणीत अंडी-पिल्ले नाहीत ना, हे मुलाने पाहून घेतले. कबुतरांना मारायचे नाही, विष घालायचे नाही, फक्त गॅलरी त्यांची नाही. दाणा बंद झाल्यावर आठवडाभर ती येऊन घुमली आणि मग गेली. त्यांना पोट भरायला भाताची खळी आहेत.

दुसरे काम दाण्याचे. घराच्या मागे वाडीत, खिडकीपासून चाळीस पावलांवर, जांभळाच्या फांदीला तारेच्या जाळीचा छोटा पिंजरा टांगला. भोके अशी की चिमणी आत जाते, कबुतराची छाती अडते. त्यात मूठभर कणी-बाजरी घालायची, दुपारपर्यंत संपेल एवढीच. उरली तर दुसऱ्या दिवशी कमी घालायची. हा हिशेब पुण्यकर्मात कोणी करत नाही. पायली-पायलीने ओततात. उरलेला दाणा रात्री उंदीर खातात, उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो आणि उंदरांच्या मागे साप येतात. भिवंडी तालुक्यात राहणाऱ्याला नाग-मण्यार कुठून येतात हे मी सांगायला नको. शिळी भाकरी, बुरशीचा पाव, फरसाण, खारी शेव पक्ष्यांना घालू नये. एवढेसे मीठही त्या इवल्या जिवाला जड असते. हिवाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर सीगल पक्ष्यांना गाठ्या उधळताना लोक दिसतात, त्यांनाही हेच सांगावेसे वाटते.

खाण्याच्या जागेवर पक्ष्यांची गर्दी झाली की ते एकमेकांनाही आजार देतात. रानात ते पसरून खातात, आपल्या ताटलीत मात्र एकाच्या विष्ठेत दुसरा चोच घालतो. ब्रिटनमध्ये बागेत पक्ष्यांना खाऊ घालण्याची फार आवड. तिथे २००५-०६ पासून ट्रायकोमोनोसिस नावाच्या घशाच्या आजाराने ग्रीनफिंच हा चिमणीएवढा हिरवा पक्षी झपाट्याने कमी झाला. हा आजार पसरतो एकत्र खाण्या-पिण्यातून, उष्ट्या दाण्या-पाण्यातून. २०२५ मध्ये तिथल्या आर.एस.पी.बी. या मोठ्या पक्षीसंरक्षण संस्थेने सपाट ताटल्यांची विक्री थांबवली. त्याच पसाऱ्यातून साल्मोनेला नावाचे जंतू माणसांपर्यंतही येतात. २०२१ मध्ये अमेरिकेत अंगणातल्या पक्ष्यांमुळे जुलाब-तापाचे रुग्ण निघाले होते. म्हणून दाण्याचे भांडे आठवड्यातून एकदा घासावे. आधी साबण आणि गरम पाणी, मग एक भाग घरगुती ब्लीचच्या द्रावणात नऊ भाग पाणी मिसळून दहा मिनिटे बुडवून ठेवावे, स्वच्छ धुवावे आणि कडक उन्हात पूर्ण वाळवावे. भांडी दोन ठेवली की काम सोपे होते, एक टांगलेले आणि एक वाळणारे. घासणी वेगळी. स्वयंपाकघराच्या मोरीत ही भांडी धुवू नयेत आणि नंतर हात साबणाने धुवावेत.

तिसरे काम पाण्याचे, आणि इथे दोष माझा स्वतःचा आहे. एप्रिल आला की शाळेतली मुले "पक्ष्यांसाठी पाणी ठेवा" म्हणून फेरी काढतात. उपक्रम चांगलाच आहे. माझ्याही दवाखान्याच्या कठड्यावर मी मातीचे परळ ठेवले होते. जूनमध्ये पाऊस पडला, पक्ष्यांना पाणी सगळीकडे मिळू लागले आणि मी परळ विसरलो. जुलैत आमच्या कंपाउंडरला डेंग्यू झाला. आरोग्यसेविका डासांच्या अळ्या तपासत गल्लीतून आली. टॉर्च मारून ती एवढेच म्हणाली, "डॉक्टरसाहेब, ह्या तुमच्याच परळात वळवळतायत." पेशंट बघत होते.

डेंग्यूचा एडिस डास गटारात नव्हे, अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. आपल्या हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. नुसते पाणी ओतून दिले तर भागत नाही. अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने जगतात. पुढच्या वर्षी तेच परळ माळ्यावरून काढून पाणी भरले की ती फुटतात. म्हणून रोज पाणी बदलावे आणि काथ्याने कडा खरवडून घासाव्यात. रोज जमत नसेल तर तीन दिवसांच्या पुढे जाऊ नये. पाऊस लागला की परळ धुऊन, वाळवून पालथे घालून ठेवावे. माझे आता पालथे असते.

मेलेल्या पक्ष्यांबद्दल दोन शब्द. शेजारच्या शहापूर तालुक्यात वेहळोलीला फेब्रुवारी २०२२ मध्ये कोंबड्यांत बर्ड फ्लू निघाला होता. २०२५ च्या जानेवारीत उदगीरला कावळे मेले, त्यांच्यातही तोच निघाला. माणसाला तो क्वचितच होतो, पण होतो तेव्हा गंभीर असतो. आसपास एकाएकी दोन-चार पक्षी मेलेले दिसले तर हात लावू नये, मुलांना लांब ठेवावे, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे आणि दाणा-पाणी काही दिवस बंद करावे. एकच पक्षी पुरायचा असेल तरी पिशवी उलटी हातात घालून उचलावा.

हे सगळे वाचून कोणी अंगणातल्या चिमण्यांना हाकलू नये. प्रत्येक खोकला पक्ष्यांमुळे नसतो. आमच्या भागात तो आधी क्षयाचा नाही ना, हे पाहावेच लागते, मग तंबाखू, चूल, यंत्रमागाच्या खात्यातला कापसाचा तंतू. पण महिना-दोन महिने कोरडा खोकला आहे, चालताना दम लागतो, गावाला गेले की बरे वाटते आणि घरात किंवा खिडकीत पक्षी आहेत, एवढे जुळत असेल तर डॉक्टरांना ते आपणहून सांगावे. डॉक्टर विचारतीलच असे नाही. मी सात महिने विचारले नव्हते. आता माझ्या केसपेपरवर तंबाखूच्या रकान्याखाली मी हाताने एक ओळ वाढवली आहे: "घरी पक्षी?"

आणि जागा असेल त्याने झाड लावावे. उंबर, जांभूळ, बोर, कारंजाच्या कुंपणाऐवजी करवंदाची जाळी. बुलबुल, साळुंकी, दयाळ, हळद्या तिथे आपोआप येतात आणि विष्ठा खाली मातीत पडते, गॅलरीत नाही. झाडाखाली मूठभर दाण्यासाठी झुंडी जमत नाहीत.

मावशींना स्टिरॉइडच्या गोळ्या काही महिने घ्याव्या लागल्या. त्यांनी साखर वाढली, तोंड सुजले, त्या वैतागल्या, मग डोस उतरवत आणला. खोकला गेला आहे. बसल्या जागी ऑक्सिजन ९५ असतो. जिना चढताना मात्र मधल्या पायरीवर थांबतात आणि पुढेही थांबतील, कारण जो भाग कठीण झाला तो झाला. मी जानेवारीऐवजी दिवाळीनंतर घरी गेलो असतो तर किती वाचला असता, हा हिशेब मी अधूनमधून करतो.

त्या आता वाडीत जात नाहीत. बंद खिडकीच्या काचेआडून पिंजऱ्याकडे बघत बसतात. सातवीतला नातू सकाळी शाळेआधी मूठ टाकतो आणि रविवारी भांडी घासून उन्हात ठेवतो. गेल्या वेळी तपासायला गेलो तेव्हा त्यांना वेगळीच काळजी लागली होती. पितृपक्षात कावळ्याचे पान गच्चीवर ठेवायचे ते कोणी, आणि दुपारी भिजून आंबलेला भात उचलायचा कोणी. मी काही बोलण्याआधी नातू म्हणाला, "पान मी ठेवीन आजी, आणि कावळा जेवून गेला की उचलीन पण मीच. मास्क लावून."

मावशींनी माझ्याकडे पाहिले. "मास्क लावून वाढलेले त्यांना चालेल ना हो?"